नमुन्याचा भाग : पोगा

हे लिहायचं मी टाळत आलो. सुरुवातीला अजून वेळ आहे म्हणून टाळलं, नंतर वेळ निघून गेली म्हणून. या दोन्हींच्या मध्ये कधीतरी नेमकी वेळ येऊन गेली. ती मी ओळखली नाही असं म्हणणार नाही. ओळखली होती. त्या दिवशी मी काय केलं ते पुढे येईलच.

नंदाखाल गावातल्या आमच्या आळीतले माड पिवळे पडून मेले आणि त्याला एक माणूस कारण झाला, असं आमच्याकडे अजून बोललं जातं. नवीन इमारतीत राहायला आलेल्यांनाही कुणीतरी ते सांगतं. तो माणूस माझा मित्र होता. तो कारण नव्हता. हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, आणि तसाच तो गेला.

माझी सगळी नोकरी झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत झाली. आता हात कापतो, पण याच हाताने मी पानाचा इतका पातळ काप घ्यायचो की तो कागदावर ठेवला तर खालचं अक्षर वाचता यावं. गावात मला डॉक्टर म्हणायचे. त्यात निम्मं कौतुक होतं, निम्मी चेष्टा. चेष्टेतला मोठा वाटा मित्राचा. त्याची गाय आजारी पडली तर तो कुंपणावरून ओरडायचा, "डॉक्टर, हिला पानं फुटली की तुला बोलावतो!"

त्याची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण होतं. तो ख्रिस्ती, आम्ही हिंदू. त्याच्या घरची बोली वेगळी, आमच्या घरची वेगळी. तो माझ्याशी आमची बोली बोलायचा, मी त्याच्याशी त्याची, आणि दोघंही चुकायचो. माझ्या आईला त्याच्या चुका इतक्या आवडायच्या की ती त्याला मुद्दाम बोलत ठेवायची. शाळेपासूनची मैत्री. मी निवृत्त झाल्यावर ती परत पहिल्यासारखी झाली, कारण आता दोघंही दिवसभर वाडीतच असायचो.

त्याच्या वाडीत एक बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आमच्या भागात पूर्वीच्या लोकांनी वाडीवाडीत ती खणून ठेवली आहेत. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. त्याचा मुलगा लग्नाला आला होता आणि जुनं घर दोन खोल्यांचं. मुलगा गोखिवऱ्याला फ्लॅट बघून आला. मित्राला तो जायला नको होता. एकच मुलगा. म्हणून त्याने बावखलात मातीच्या गाड्या रित्या करवल्या आणि त्या जागेवर मुलाच्या घराचं जोतं बांधलं.

मी त्याला तेव्हा म्हटलं होतं, "विचार कर. आजोबांनी खणलेलं आहे."

तो म्हणाला, "आजोबांना अकरा मुलं होती. एक गेला तर दहा उरत होते."

पुढच्याच वर्षी माड पिवळे पडायला लागले.

आधी खालच्या झावळ्यांची टोकं पिवळी झाली. मग पाती मधोमध वळून खाली लोंबल्या, उपाशी जनावराच्या बरगड्या दिसाव्यात तशा. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, यायची पण फळ धरायचं नाही, बोंडं गळून अंगणात पडायची. माझी बायको सकाळी अंगण झाडताना ती सुपात गोळा करायची आणि सूप माझ्यापुढे आणून ठेवायची. दोन-तीन महिन्यांत आळीतल्या सहा माडांवर ही लक्षणं दिसली. तीन आमचे, दोन पलीकडच्या घराचे आणि एक मित्राचा.

लोक माझ्याकडे आले. येणारच. आयुष्यभर ज्याला डॉक्टर म्हटलं त्याच्याकडे नाही जाणार तर कुणाकडे?

मला संशय आला होता, आणि तो बरोबर होता. काही पिवळेपणा खताच्या कमतरतेने येतो, काही मुळाशी पाणी साचल्याने, आणि काही एका विचित्र जिवाणूमुळे. या जिवाणूला भोवतालची भिंत नसते. इतर जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत खाद्य घालून वाढवता येतात, हा वाढत नाही. झाडाचा अन्नरस ज्या बारीक नळ्यांतून वाहतो, त्या नळ्यांतच तो जगतो. तुडतुड्यासारखे किडे रस शोषतात आणि एका झाडातून दुसऱ्या झाडात त्याला नेऊन सोडतात. डोळ्यांनी तो दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही नाही. त्याला ओळखायचं तर झाडाचा तुकडा वाटून त्यातलं जनुकद्रव्य काढायचं आणि यंत्रात घालून त्याच्या लाखो प्रती करायच्या. जिवाणू असेल तर शेवटी जेल नावाच्या पारदर्शक, थुलथुलीत चौकोनात एक उजळ पट्टी दिसते. नसेल तर काळोख.

पण तुकडा कुठून घ्यायचा याला फार महत्त्व असतं. जुन्या, वाळत आलेल्या झावळीत हा जिवाणू सापडेलच असं नाही. तो कोवळ्या भागात शोधावा लागतो. माडाच्या बाबतीत पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या मधोमध जे न उमललेलं, मिटलेलं, पांढरट पान सुईसारखं उभं असतं, त्याच्या बुडाशी. हे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होतो. नमुन्याच्या पिशवीवर चिठ्ठी लावतात, तिच्यावर एक ओळ असते : नमुन्याचा भाग. तिथे पोगा लिहिलेलं नसेल तर नमुना परत पाठवायचा, हा नियम मीच घालून दिला होता.

माड चढणाऱ्याला बोलावलं. तो मिठागराकडच्या गावचा, वयाने माझ्याएवढाच, पण सरसर चढायचा. अर्ध्या माडावर थांबून त्याने विचारलं, "काका, काय कापू?"

"पोगा. बुडापासून थोडा."

तो वरूनच हसला. "पोगा कापू? मग उद्यापासून पानी घालायचं बंद करा. फुकट जाईल."

बायको बाहेर आली. "अहो, हे काय चाललंय? मामंजींनी लावलेला माड आहे. पोगा कापणं म्हणजे तान्ह्याच्या टाळूवर सुरी धरणं."

"थोडासाच घ्यायचा आहे. माड मरत नाही त्याने."

"मग दुसऱ्याच्या माडाचा घ्या आणि सांगा त्यांना मरत नाही म्हणून."

मी पलीकडच्या घरी गेलो. तिथल्या म्हातारीने माझं ऐकून घेतलं आणि फाटक लावून घेतलं. आमच्याकडे माडाची झावळी तोडतील, पोय उतरवतील, खोडाला खिळे मारून कपडे वाळत घालतील, पण उभ्या माडाच्या पोग्याला कुणी सुरी लावत नाही. मीही त्यातलाच. खरं सांगायचं तर बायको अडवते आहे याचं मला बरं वाटलं. वडिलांनी तो माड लावला तेव्हा मी खड्ड्यात उतरून मीठ टाकलं होतं. मीठ टाकलं की माड जोमाने येतो, असं आमच्याकडे म्हणतात. ही मिठाची गोष्ट पुढे मी विसरायला नको होती.

मित्राकडे गेलो असतो तर त्याने स्वतः चढून पोगा कापून दिला असता. पण तेव्हा तो मुलाच्या घराच्या कामात होता आणि मला वाटलं, कशाला.

मी माड चढणाऱ्याला म्हटलं, "राहू दे. मधली एक झावळी काढ."

त्या झावळीच्या मधल्या शिरेचे तुकडे केले, बर्फाच्या डब्यात ठेवले आणि ओट्यावर बसून चिठ्ठी लिहिली. नमुन्याचा भाग : पोगा.

दोन अक्षरं.

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता प्रमुख झाली होती. मी समोर बसलो असतानाच तिने पिशवी उघडली.

"सर, पोगाच ना हा?"

"पोगाच. का गं?"

"हिरवट वाटतोय जरा. म्हणून विचारलं."

"ऊन लागलं असेल येताना."

तिने पिशवी ठेवून घेतली. मी तिचा गुरू होतो. दुसरा कुणी असता तर तिने पिशवी परत केली असती, मीच शिकवलं होतं तसं. दोन दिवसांनी तिने फोन केला. "सर, काही नाही सापडलं. दोनदा चालवलं. स्वच्छ आहे." मला सुटल्यासारखं झालं. मी स्वतःला म्हटलं, असता तर झावळीतही थोडाफार सापडलाच असता. ते खरं नव्हतं आणि मला माहीत होतं.

मी विहिरींचं पाणीही तपासून घेतलं होतं. क्षार पूर्वीपेक्षा वाढले होते. हे मात्र खोटं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. पंधरा-वीस माणसं असतील. मी कागद वाचून दाखवला. रोगजंतू आढळले नाहीत.

एकाने विचारलं, "कीड नाही, रोग नाही, मग काय? माडांना हौस आली?"

"पाण्यात क्षार वाढलेत," मी म्हटलं.

"कशाने?"

"गोडं पाणी मुरायचं कमी झालं की खारं पाणी आत सरकतं."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. मित्र खांबाला टेकून उभा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "बावखल बुजवून सगळ्या आळीला हळद लावलीस की रे. आता वाजंत्री पण आण."

मित्र म्हणाला, "हळद लावायची असती तर तुझ्या टकलापासून सुरुवात केली असती."

लोक हसले. पण पलीकडच्या घरची म्हातारी, जिने मला फाटकातून परत पाठवलं होतं, ती उठून उभी राहिली. "हसू नका. माझा नवरा गेला त्या वर्षी लावलेला माड आहे तो," ती म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

घरी येताना मित्र माझ्याबरोबर चालत होता. फाटकापाशी आल्यावर म्हणाला, "एक विचारू डॉक्टर? रागावू नकोस. कळंबला माड अगदी समुद्रात उभे आहेत. भरतीला लाट बुंध्यावर येते. ते कसे हिरवे?"

माडाला खाऱ्याचं वावडं नसतं, हे माझ्या वडिलांना माहीत होतं, मिठाची मूठ खड्ड्यात टाकणाऱ्या पोरालाही माहीत होतं. मी उत्तर दिलं. काय दिलं ते आता जुळवता येत नाही. मुळांची सवय, क्षारांचं प्रमाण, जमिनीचा थर, असलं काहीतरी. त्याने न कळलेल्या माणसासारखी मान हलवली.

"तू म्हणतोस म्हणजे असेल," तो म्हणाला.

त्याच्या मुलाने दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात गाठलं. "काका, रिपोर्ट पक्का आहे?"

"मशीन खोटं बोलत नाही, बाबा."

यंत्राबद्दल मी खरंच बोललो होतो.

त्यानंतर आळीत त्याच्याशी भांडायला कुणी गेलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, तो भांडणात कुणाला हरला नसता. आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिन्यात तिथे संध्याकाळी प्रार्थना होते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. आम्ही हिंदूही चण्यांना जायचो. त्या वर्षी चणे आणायची पाळी त्याच्या घरची होती. परात भरून आणली होती. लोकांनी प्रार्थना म्हटली, मेणबत्त्या विझवल्या आणि निघून गेले. परात तशीच परत गेली. मी तिथे होतो. मी एक मूठ घेतली होती, पण सगळे गेल्यावर, आणि घाईघाईने.

दोन-तीन आठवड्यांनी सकाळी त्याच्या वाडीतून घणाचे आवाज यायला लागले. मी कुंपणापाशी गेलो. तो मुलाच्या घराचं जोतं फोडत होता. एकटा. बनियन घामाने अंगाला चिकटलं होतं.

"अरे, काय करतोस?"

"कुमसाराला गेलो होतो," तो म्हणाला. कुमसार म्हणजे त्यांच्याकडे फादरसमोर बसून आपल्या पापांची कबुली देतात ते. "फादरांना सांगितलं, माझ्यामुळे लोकांचे माड मेले. ते म्हणाले, भरून देता येण्यासारखं असेल तर भरून दे. आता माड तर देता येत नाहीत. बावखल देता येतं."

"मुलगा काय म्हणतो?"

त्याने घण खाली ठेवला. "म्हणतो, पप्पा, तुम्हाला माझ्यापेक्षा तळं मोठं."

मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. तेव्हा एवढंच बोलायचं होतं की अरे थांब, तो नमुना पोग्याचा नव्हता, परत तपासू. मी म्हटलं, "पाठ सांभाळ. वाकून घण मारू नकोस."

मुलगा गोखिवऱ्याला गेला. लग्न तिकडेच झालं. मित्राने माणसं लावून भराव उपसला आणि पहिल्याच पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. पुढच्या उन्हाळ्यात आळीतल्या विहिरी पुष्कळ गोड्या झाल्या. लोक म्हणाले, बघा, डॉक्टर म्हणाले तसंच झालं. माझा मान वाढला.

माड मात्र पिवळे पडतच राहिले. सहाचे चौदा झाले, मग मोजणं कुणाला जमेना. मित्र मला विचारायचा, "वेळ लागत असेल ना मुळांना? एवढं खारं प्यायलीत."

"लागतो वेळ," मी म्हणायचो.

त्याच्या वाडीतला पहिला आजारी माड शेवटी शेंड्याने लहान होत होत काठीसारखा झाला. त्याने तो पाडायचा ठरवला. माड पाडला की त्याच्या शेंड्यातला गाभा खातात. पांढरा, कुरकुरीत, गोडसर असतो. माड एकदाच मरतो म्हणून गाभाही एकदाच मिळतो, आणि तो शेजारी वाटायचा असतो. त्याच्याकडून कुणी काही घेत नव्हतं तरी त्याने वाटे केले. आमच्याकडे तो स्वतः आला. केळीच्या पानात गुंडाळलेला गाभा आणि त्याला जोडूनच राहिलेला पोग्याचा बुडखा.

"घे. तुझा वाटा," तो म्हणाला. "रोगी नाही ना? तूच म्हणालास रोग नाही, म्हणून आणला."

"खायला काही हरकत नाही," मी म्हटलं. तेही खरंच होतं. झाडाचा जिवाणू माणसाला काही करत नाही.

तो गेल्यावर मी पान उघडून बसलो. ज्याला सुरी लावायची माझी छाती झाली नव्हती तो पोगा त्याने आपल्या हाताने कापून माझ्या ओट्यावर आणून ठेवला होता. बायको गाभा चिरायला सुरी घेऊन आली. मी तिला म्हटलं, थांब.

ती हसून म्हणाली, "खाऊ द्याल की बशीत घालाल?"

बुडख्याचा तुकडा बर्फात ठेवून मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला. या वेळी निकाल येईपर्यंत मी तिथे जात राहिलो. शेवटच्या दिवशी तिने जेल निळसर उजेडाखाली धरलं आणि मला जवळ बोलावलं. तीन रकाने होते. एका बाजूला निरोगी माडाचा, तो काळा. दुसऱ्या बाजूला खात्रीच्या रोगट नमुन्याचा, त्यात पट्टी. मधला आमचा. त्याची पट्टी खात्रीच्या नमुन्याहून ठळक होती.

"सर, भरलेला आहे हा," ती म्हणाली. मग तिने जुनी फाइल काढली. माझ्या अक्षरातली चिठ्ठी तिला टाचलेली होती. तिने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि परत वाचली. "मागच्या वेळी कसं निगेटिव्ह आलं असेल?"

"माड वेगळा होता."

"हो, असेल," ती म्हणाली. तिला कळलं होतं असं मला वाटतं. "मी नवीन रिपोर्ट देते, सर. गावात तुम्हीच सांगा. आजारी माड काढून जाळायला सांगा. बाकीचे वाचतील अजून."

रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि थेट त्याच्या घरी गेलो. ती नेमकी वेळ म्हणालो ती हीच. तो बावखलाच्या काठावर खुर्ची टाकून बसला होता. मला बघून बोटाने गप्प राहायची खूण केली. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता.

"आठवड्यापासून येतो," तो हळूच म्हणाला. "मासे झाले असतील रे परत."

मुलगा गेल्यापासून मी त्याला असा बघितला नव्हता. मला वाटलं, आता सांगितलं तर हा काय ऐकेल? की घर फुकट फोडलं. मुलगा फुकट गेला. परातभर चणे फुकट परत आले. आज नको, त्याला आज बरं वाटतं आहे. हे मी दयेपोटी करतो आहे असं मला तेव्हा खरोखर वाटलं. आज त्या दिवसाकडे बघतो तेव्हा दिसतं की मी फाइलमधल्या माझ्या चिठ्ठीला घाबरलो होतो. गावात मी डॉक्टर होतो. चुकलो असं सांगता आलं असतं, लोक चूक माफ करतात. पण हिरव्या शिरेवर पोगा लिहिलं हे कसं सांगणार?

रिपोर्ट कपाटात गेला. आजारी माड कुणी जाळले नाहीत, कारण रोग नव्हता ना. तुडतुडे या माडावरून त्या माडावर जात राहिले. पाच-सहा वर्षांत आळी रिकामी झाली. वडिलांचा माडही गेला. पोगा शाबूत ठेवून गेला. बायकोने तो पाडू दिला नाही, वाळलेला बुंधा बरीच वर्षं उभा होता. ती गेली त्यानंतर एका वादळात तो पडला. माडच नाहीत म्हटल्यावर लोकांचा जीव वाडीतून उठला. पलीकडच्या म्हातारीच्या जागेवर आता चार मजली इमारत आहे.

मी आणि मित्र रोज भेटत होतो. हे मला सगळ्यात कठीण जातं लिहायला. मी तोंड लपवलं नाही. मी त्याच्याबरोबर चहा घेत होतो, पत्ते खेळत होतो, त्याचे विनोद ऐकून हसत होतो. फक्त तो पूर्वीसारखा मोठ्याने चेष्टा करत नव्हता. चारचौघांत तर नाहीच. लग्नकार्यात मागच्या खुर्चीवर बसायचा. कुणी नवीन रोप लावायचं म्हटलं की सकाळी गपचूप जाऊन त्याच्या अंगणात आपल्या बावखलातल्या पाण्याची कळशी ठेवून यायचा. माझ्याही.

गेल्या वर्षी त्याचं यकृत बिघडलं. अंगभर पिवळा झाला. डोळ्यांचे पांढरे भागसुद्धा. मी गेलो तेव्हा फादर तेल लावून, प्रार्थना करून गेले होते. मुलगा गोखिवऱ्याहून आला होता, दाराशी उभा होता. मला बघून "या काका" म्हणाला आणि बाजूला झाला. रिपोर्ट माझ्या खिशात होता. कपाटातून काढून आणला होता, घड्यांवर फाटायला आला होता. काय म्हणायचं ते येताना रस्त्याने पुटपुटत आलो होतो. आधी पोग्याचं सांगायचं, मग पट्टीचं, मग माफी मागायची. मुलासमोरच, म्हणजे त्यालाही कळेल.

मित्राने माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता. "बघ डॉक्टर, मलाही हळद लागली," तो म्हणाला. मी हसण्याचा प्रयत्न केला.

मग तो म्हणाला, "सगळ्यांची मागून झाली. तुझी राहिली. तुझ्या वडिलांचा माड माझ्यामुळे गेला. मला माफ कर."

मी तोंड उघडलं. मुलगा दारातून बघत होता. मित्राचे ते पिवळे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. तो उत्तराची वाट बघत होता, आणि त्याला कुठलं उत्तर हवं आहे ते मला माहीत होतं.

मी म्हटलं, "असू दे. केलं माफ."

त्याने डोळे मिटले. बरं वाटलं त्याला. तिसऱ्या दिवशी गेला.

आमच्याकडे कुमसार नाही. कुणासमोर बसायचं आणि कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची हे कुणी शिकवलेलं नाही. त्याच्या थडग्यापाशी दोनदा गेलो, पण तिथे कायम कुणीतरी फुलं ठेवायला आलेलं असतं. मुलाचा फोन नंबर माझ्याकडे आहे. जे त्या दिवशी रस्त्याने पुटपुटत गेलो होतो ते अजून पाठ आहे. ते असं : अरे, तो पोगा नव्हता. तुझ्या बावखलाने काही केलं नाही. मी केलं. मला...